तांबी बसवल्यानंतर: दवाखान्यातून घरी, आणि पुढचे सहा आठवडे

‘दहा मिनिटांचं काम आहे, लगेच घरी जाता येईल,’ असं मला सांगितलं होतं. ते खरंच होतं. तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी, बसायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण मी सकाळचा स्वयंपाक आवरून, एक कप चहावर, एकटीच गाडी घेऊन गेले होते, आणि महिना होता मे. परतताना नागपुरातल्या अजनीच्या सिग्नलवर डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि रसवंतीच्या बाकावर टेकले. तिथल्या काकांनी पाणी दिलं, ओढणी ओली करून डोक्यावर घ्यायला सांगितलं, नवरा येईपर्यंत दुसऱ्या कुणाला त्या बाकावर बसू दिलं नाही. घरी आल्यावर दुपारी कूलर कोरडा दिसला, तर मीच बादल्या उचलून तो भरला. त्या रात्री कळांनी झोप लागली नाही.

तांबीत काहीच बिघाड नव्हता. चूक एवढीच, की बसवायची तयारी सगळ्यांनी करून घेतली होती आणि बसवल्यानंतरची कुणीच केली नव्हती. त्यानंतर नात्यातल्या आणि कॉलनीतल्या पाच-सहा जणींना मी स्वतः सोबत घेऊन गेले आणि घरी आणून सोडलं. डॉक्टरांना विचारून, त्या प्रत्येकीच्या अनुभवातून जे जमलं ते इथे क्रमाने लिहिते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर तेच पाळा.

निघण्याआधी

उपाशीपोटी जाऊ नका. पोळी-भाजी, पोहे, काहीही चालेल, पण पोटात अन्न हवं. तांबी बसवताना गर्भाशयाच्या तोंडाला स्पर्श होतो, तेव्हा काही जणींचा रक्तदाब आणि नाडी एकदम खाली येते. मळमळतं, दरदरून घाम फुटतो, चक्कर येते. पोट रिकामं असेल, त्यात नागपूरचं पंचेचाळीस अंशांचं ऊन असेल, तर हे जास्त जाणवतं. उन्हाळ्यात जायचं असेल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

दुखण्याची गोळी आधी घ्यायची का, हे डॉक्टरांनाच विचारा. दमा, अल्सर, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ होण्याचं औषध चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारख्या गोळ्या तुम्हाला चालणार नाहीत. आपल्या विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. तुम्हाला तो आजार असेल तर तेही लपवू नका. तांबी तरीही बसवता येते, पण तांब्याच्या तांबीने पाळीत रक्त जास्त जातं, म्हणून हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावं लागतं आणि कदाचित हार्मोनची (तांब्याऐवजी हार्मोन सोडणारी) तांबी जास्त बरी पडेल.

पिशवीत दोन मोठे पॅड, एक जास्तीची चड्डी, पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा बिस्किटं ठेवा. सैल सलवार किंवा साडी बरी, घट्ट जीन्स नको.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सोबत कुणीतरी असू द्या. नवरा, बहीण, जाऊ, शेजारची ताई, कुणीही. सोबतीच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की दोन तास मोकळे ठेव.

टेबलावरून उतरताना

झटकन उठू नका. आधी कुशीवर व्हा, मग बसा, पाय खाली सोडून दोन मिनिटं थांबा, मगच उभ्या राहा. त्यानंतर दवाखान्याच्याच बाकावर पंधरा ते तीस मिनिटं बसा. ‘बाहेर पेशंट वाट पाहतायत’ असा संकोच करू नका. चक्कर वाटली तर तिथल्या तिथे आडव्या व्हा आणि पाय थोडे उंच करा. बहुतेक वेळा काही मिनिटांत बरं वाटतं. अर्ध्या तासानंतरही उभं राहिलं की अंधारी येत असेल, किंवा पोटात असह्य दुखत असेल, तर घरी निघू नका. डॉक्टरांना पुन्हा बोलवा.

या वेळात चार गोष्टी विचारून घ्या. कोणती तांबी बसवली? ती किती वर्षांची? धागे किती लांब ठेवले? पुन्हा कधी यायचं? सरकारी दवाखान्यात तांबी मोफत बसवतात आणि सहसा दोन प्रकार मिळतात: ३८०-ए, जी १० वर्षं चालते, आणि ३७५, जी ५ वर्षं चालते. हे आकडे तांब्याच्या पृष्ठभागाचे आहेत, चौरस मिलिमीटरमध्ये. तिसरी हार्मोनची तांबी, ती बहुतेक खासगीत मिळते. तिचं वागणं बरंच वेगळं असतं, ते पुढे येईल. तिथे मिळालेलं कार्ड फोटो काढून नवऱ्याच्या आणि स्वतःच्या, दोन्ही फोनमध्ये ठेवा.

घरी यायची वाट

स्वतः गाडी चालवायची नाही. याबाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही, ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या जावेचंही नाही. चक्कर कधीकधी अर्ध्या-पाऊण तासानेही येते, आणि ती वर्धा रोडवरच्या गर्दीत आली तर काय होईल याचा विचार करा.

ऑटो सगळ्यांत सोयीचा. चालकाला सांगा, दादा, ब्रेकरवर जरा हळू. धक्क्यांनी तांबी सरकत नाही, ही भीती मनातून काढून टाका. ती गर्भाशयाच्या आत असते, रस्त्याच्या खड्ड्यांचा तिच्याशी संबंध नाही. पण प्रत्येक गतिरोधकावर ओटीपोटात कळ उठते, म्हणून हळू. ई-रिक्षा जरा जास्त हादरते, जवळचं अंतर असेल तरच घ्या. नवऱ्याच्या मागे गाडीवर बसून यायचं असेल तर आधी दवाखान्यात पूर्ण अर्धा तास बसा.

घर आणि दवाखाना दोन्ही मेट्रोच्या जवळ असतील तर मेट्रो फार चांगली. हादरे नाहीत, गारवा असतो. खापरीकडून किंवा ऑटोमोटिव्ह चौकाकडून येणारी ऑरेंज लाइन आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ही अ‍ॅक्वा लाइन सीताबर्डीला मिळतात. तिथे गाडी बदलायची असेल तर मजला बदलावा लागतो, तेव्हा जिना टाळून लिफ्ट घ्या आणि घाई न करता पुढची गाडी पकडा. काटोल, उमरेड, रामटेककडे एसटीने परत जाणाऱ्या बायकांनी त्याच दिवशी निघायचं असेल तर निदान दोन-तीन तास शहरातल्या नातेवाइकांकडे टेकून, जेवून मग निघावं.

पहिली संध्याकाळ

या संध्याकाळी तुम्ही झोपून राहायचं आहे. त्यासाठी आजारी असण्याची गरज नाही. आपल्याकडे बाई दवाखान्यातून आली की पहिला प्रश्न ‘काय म्हणाले डॉक्टर’ हा असतो आणि दुसरा ‘कणीक भिजवली का’ हा. म्हणून भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवा, नाहीतर त्या दिवशी सरळ बाहेरून मागवा. सासूबाईंना आधी विश्वासात घेतलं तर बरंच सोपं जातं. त्यांच्या पिढीला ‘लूप’ हा शब्द ठाऊक असतो, कारण आपल्या देशात १९६५ साली लिप्पीज लूप आला, त्याच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असतात. आता जी बसवतात ती त्यापेक्षा वेगळी आहे, एवढं सांगितलं की त्यांचीही काळजी कमी होते.

कळा पाळीसारख्याच येतात. पहिले काही तास जास्त, मग ओटीपोटात आणि कमरेत बोथट दुखणं. काही जणींना दुसऱ्या दिवशी काहीच नसतं, काहींना दोन-तीन दिवस राहतं, आणि अधूनमधून एखादी कळ काही आठवडेही येऊ शकते. पाहायचं एवढंच, की दुखणं दिवसागणिक कमी होतंय ना.

गोळी काहीतरी खाऊनच घ्या. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, दिवसात जास्तीत जास्त तीन. ती चालत नसेल तर पॅरासिटामॉल. कळ जोरात येईपर्यंत दात-ओठ खात वाट पाहू नका, सुरुवातीलाच घेतलेली गोळी जास्त लागू पडते. अ‍ॅस्पिरिन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. थंडीत गरम पाण्याची पिशवी कपड्यावरून ओटीपोटावर धरा, फार बरं वाटतं.

आंघोळ त्याच दिवशी करता येते, बादलीची किंवा शॉवरची. उकिडवं बसून शौचाला जायला हरकत नाही, जोर दिल्याने तांबी पडत नाही. तरी बद्धकोष्ठ असेल तर पाणी भरपूर प्या.

आणि कूलर त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी भरायचा. वजन उचलल्याने तांबी सरकते असं नाही, पण बादल्यांनी, वाकून पोछा मारल्याने, किंवा वाळवणाच्या दिवसांत तासन् तास पाटावर बसून कुरडया घातल्याने कळा वाढतात, हे मी अनुभवलं आहे. चोवीस तास सोडले की झेपेल तसं रोजचं काम, दोन-तीन दिवसांनी व्यायामही सुरू करायला हरकत नाही.

पहिले दोन दिवस: आत काहीही नाही

निदान ४८ तास संबंध नकोत, टॅम्पॉन नको, मेन्स्ट्रुअल कप नको, पोहण्याचा तलाव नको. काही डॉक्टर २४ तास सांगतात, काही आठवडा. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा धरा. जंतुसंसर्गाचा धोका एरवी कमीच असतो, पण जो असतो तो मुख्यतः पहिल्या वीस दिवसांत. योनीमार्ग आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुऊ नका, बाहेरून साधं पाणी पुरेसं आहे. पॅड चार-सहा तासांनी बदला. कापड वापरत असाल तर ते उन्हात कडक वाळलेलं हवं, बाथरूमच्या कोपऱ्यात लपवून सुकवलेलं नको.

गर्भधारणेपासून संरक्षण कधी सुरू होतं? तांब्याची तांबी बसवल्या क्षणापासून काम करते. हार्मोनची तांबी पाळीच्या पहिल्या सात दिवसांत बसवली असेल तर लगेच, नाहीतर पुढचे सात दिवस निरोध वापरा. लैंगिक आजारांपासून मात्र दोन्हींपैकी कोणतीही तांबी वाचवत नाही.

अंगावरून जाणं

लालसर, गुलाबी, मग तपकिरी, असे थेंब काही दिवस, कधी काही आठवडे जातात. हे स्पॉटिंग आहे, पाळी नाही. हा फरक मी मुद्दाम ठासून सांगते, कारण आपल्या कितीतरी घरांत अजून पाळीची शिवाशिव पाळतात. तांबी बसवल्यावर वीस दिवस डाग दिसत राहिले म्हणून वीस दिवस बाजूला बसवलेली एक मुलगी मी पाहिली आहे. तिच्या डोळ्यांतलं पाणी मला अजून आठवतं. माझ्या मते पाळीतही बाईला बाजूला बसवायला नको. पण ज्यांच्या घरात ते अजून सुटलेलं नाही, त्यांनी निदान हे समजून घ्यावं की हे गर्भाशयाने नव्या वस्तूशी जुळवून घेणं आहे. घरात महालक्ष्म्या किंवा लग्नकार्य असेल आणि वाद नको असेल तर तांबी त्याच्या दोन दिवस आधी न बसवता कार्य झाल्यावर बसवा.

दुसरा समज उष्णतेचा. ‘तांबं उष्ण, आपल्याकडचा उन्हाळा असा, अंगात उष्णता वाढेल, तोंड येईल.’ तांबीतून तांब्याचे अतिशय सूक्ष्म अंश गर्भाशयातच सुटतात आणि ते शुक्रजंतूंना निकामी करतात. अंगाचं तापमान त्याने वाढत नाही. तोंड आलं असेल तर कारण दुसरीकडे शोधा. मात्र ताप आला तर ‘तांबीची उष्णता’ म्हणून ताकावर भागवू नका. शंभर अंशांवरचा ताप या दिवसांत डॉक्टरांना दाखवायचाच. पावसाळ्यात नागपुरात डेंग्यू असतो, त्यामुळे ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना ‘अमुक तारखेला तांबी बसवली आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन बंद ठेवून फक्त पॅरासिटामॉल घ्या.

ताबडतोब जायचं ते केव्हा

पोटात दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं असेल. थंडी वाजून ताप आला असेल. घाण वासाचं, पिवळट-हिरवट जात असेल. दर तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं सलग दोन तास चाललं असेल. तांब्याची तांबी असून पाळी चुकली असेल, विशेषतः पोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा खांद्याच्या टोकाला दुखत असेल. तांबी असताना गर्भ राहणं फार क्वचित घडतं, वर्षाला शंभरात एकीपेक्षाही कमी. पण राहिलाच तर तो गर्भनलिकेत असण्याची शक्यता तपासावी लागते, आणि त्यात उशीर जिवावर बेततो.

यांपैकी काहीही असेल तर रात्र असो की रविवार, थांबू नका. नागपुरात मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो रुग्णालय, डागा स्त्री रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल ते. स्वतःला जाणं शक्य नसेल तर १०८ ला फोन करा.

धागे तपासणं

याची सगळ्यांनाच लाज वाटते, मलाही वाटली होती. पण तांबी जागेवर आहे हे घरच्या घरी कळण्याचा दुसरा मार्ग नाही. पहिली पाळी संपली की तपासा, मग दर महिन्याला पाळीनंतर.

हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. उकिडव्या बसा किंवा एक पाय स्टुलावर ठेवा. मधलं बोट हळूच आत घाला, वर आणि थोडं मागच्या दिशेने. नाकाच्या शेंड्यासारखा टणक, गुळगुळीत उंचवटा लागेल, ते गर्भाशयाचं तोंड. त्यातून दोन बारीक धागे आलेले असतात, मासे पकडायच्या गळाच्या दोरीसारखे. लागले की झालं. ओढायचे नाहीत.

धाग्यांऐवजी कडक प्लास्टिकचं टोक लागलं, धागे एकदम लांब किंवा आखूड वाटले, किंवा लागलेच नाहीत, तर तांबी सरकलेली किंवा पडलेली असू शकते. साधारण वीस जणींत एकीची तांबी पडते, बहुतेकदा पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत आणि पाळीच्या दिवसांत. म्हणून सुरुवातीच्या पाळ्यांत पॅड टाकण्यापूर्वी पाहून घ्या. धागे न लागणं म्हणजे दर वेळी वाईटच असं नाही, ते कधीकधी आत मुडपून बसतात. सोनोग्राफीत कळतं. पण तोपर्यंत निरोध वापरा, आणि नुकताच संबंध आला असेल तर आपत्कालीन गोळीबद्दल त्याच दिवशी विचारा. नवऱ्याला धागे टोचत असतील तर डॉक्टर ते नीट करून देतात. घरी कात्री लावू नका.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, किंवा सिझेरियनच्या वेळीच, तांबी बसवलेल्या बायकांना सुरुवातीला धागे लागत नाहीत. गर्भाशय आकसेल तसे ते खाली येतात. अशा तांब्या पडण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून सहा आठवड्यांची तपासणी त्यांनी चुकवूच नये. बाळाला पाजताना कळा येतील, त्या गर्भाशय आकसण्याच्या असतात. दुधावर तांबीचा परिणाम होत नाही.

पहिली पाळी

तांब्याची तांबी असेल तर पहिल्या दोन-तीन पाळ्या जास्त जातील, एक-दोन दिवस लांबतील आणि दुखतीलही. तीन ते सहा महिन्यांत बहुतेकींचं शरीर जुळवून घेतं. मोठी सभा, प्रवास, मुलाच्या शाळेचा कार्यक्रम अशा दिवसांसाठी गडद कपडे आणि जास्तीचे पॅड ठेवा. पाळी सुरू झाल्या दिवसापासून चार-पाच दिवस आयब्युप्रोफेन जेवणानंतर घेतलं तर दुखणं आणि रक्त दोन्ही थोडं कमी होतं. डॉक्टरांना विचारून घ्या.

आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं, म्हणून तीन महिन्यांनी तपासून घ्या. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. पालक, चवळी, हरभऱ्याची उसळ खाताना वर लिंबू पिळा, किंवा हंगामात जेवणासोबत एक संत्रं खा. नागपुरात राहून संत्र्याला महाग होण्याचं कारण नाही. त्यातलं जीवनसत्त्व क भाजी-डाळीतलं लोह शोषायला मदत करतं.

हार्मोनची तांबी असेल तर उलटं. पहिले तीन-सहा महिने केव्हाही डाग दिसतील, ताळतंत्र नसेल, मग पाळी कमी होत जाईल. वर्षभरात साधारण पाचांत एकीची पाळी थांबतेच. त्याने रक्त आत साठत नाही, आतलं अस्तरच पातळ झालेलं असतं.

सहा आठवड्यांनी

चार ते सहा आठवड्यांनी, एक पाळी होऊन गेल्यावर तपासणी करून घ्या. त्रास नसेल तरी जा. त्रास असेल तर इतके दिवस थांबूच नका. तिथे मनातलं सगळं विचारा, अगदी संबंधांत दुखतं का हेही. सहा महिने झाले तरी रक्त जास्तच जात असेल, अशक्तपणा येत असेल, तर ‘सहन कर’ हे उत्तर मान्य करू नका. तांबी केव्हाही काढता येते, दोन मिनिटांत निघते, आणि काढल्यावर दिवस राहण्याची क्षमता लगेच परत येते. काढायची की ठेवायची, हे तुमचं शरीर आणि तुमचा निर्णय.

कार्डावर काढण्याची तारीख लिहिलेली असते. दहा वर्षांत फोन चार वेळा बदलतो, डॉक्टर बदलतात, घर बदलतं. माझं कार्ड मी मुलांच्या जन्मदाखल्यांच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं आहे, आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, गॅसच्या नंबराखाली, ती तारीख पेनने लिहिली आहे.